काळ्या मातीत १९८४ ची हॉर्नेट: दिवाळी ते आषाढ, आठ महिन्यांचा अनुभव

गाडी जपानच्या तामिया कंपनीची हॉर्नेट, रिमोटवर चालणारी, १/१० मापाची, किट क्रमांक ५८०४५, मूळ १९८४ ची. सांगाडा, गिअरबॉक्स आणि मागचे तेलाचे डँपर (धक्के शोषणाऱ्या नळ्या) जुनेच ठेवले; टायर, बॉडी, बेअरिंग आणि सगळं इलेक्ट्रॉनिक सामान नवं. आठवड्याला साधारण दोन बॅटऱ्या संपतील इतका वापर. जागा सांगलीच्या आसपासची: मुरमाचा माळ, उसाच्या फडालगतची पायवाट आणि नाइलाज झाला तर डांबर.

मोटर, गिअर आणि टायर यांची फार धास्ती घेऊ नका. २००४ मध्ये तामियानं हीच गाडी ५८३३६ या क्रमांकानं पुन्हा काढली आणि त्या किटचे बरेचसे भाग जुन्या गाडीला बसतात. खरी परीक्षा आहे ती चाळीस वर्षं वाळलेल्या प्लास्टिकची. जुनी गाडी घेताना टायर गेलेत, बॉडी फाटलीय म्हणून भाव पाडायची संधी सोडू नका, पण सांगाड्याला नाकापाशी किंवा गिअरबॉक्स टेकतो तिथं तडा असेल तर दोनदा विचार करा.

खोलताना पहिली चूक स्क्रूवर होते. तामियाचे स्क्रू जपानी मापाचे, जेआयएस खाचेचे. आपल्याकडच्या साध्या चौफुली स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्या खाचेत पूर्ण बसत नाही, वर उचललं जातं आणि डोकं गोल करून ठेवतं. जेआयएस टोकाचा ड्रायव्हर घ्या, एकदाच खर्च आहे. परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवायचा. बोटांना बारीकसा ‘टक’ जाणवतो, म्हणजे तो जुन्या आट्यात उतरला. मग सुलटा फिरवायचा. तसाच दाबून फिरवलात तर तो नवे आटे पाडतो, आणि दोन-तीन वेळा असं झालं की भोक निकामी.

तड्याला हात लावण्याआधी प्लास्टिक कोणतं ते ओळखा. आतल्या, न दिसणाऱ्या जागी कापसाच्या काडीनं अॅसिटोनचा थेंब लावा. पृष्ठभाग चिकट झाला तर एबीएस (कडक प्लास्टिकचा एक प्रकार) असण्याची शक्यता दाट, काहीच झालं नाही तर बहुधा नायलॉन. एबीएसचा तडा नीट सांधता येतो. किटचे सुटे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिचे, ‘एबीएस’ असा छाप असलेले तुकडे बारीक कापून काचेच्या बाटलीत अॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी काकवीइतकं दाट झालं पाहिजे. तड्याच्या टोकाला २ मिमीचं भोक पाडा, नाहीतर तडा पुढे सरकत राहतो. ब्लेडनं तडा व्ही आकारात उघडा, लगदा पातळ थरांत भरा आणि आतल्या बाजूनं १ मिमी एबीएस पत्र्याची पट्टी जोडा. मग किमान दोन दिवस गाडीला हात लावू नका. वरून कोरडं वाटलं तरी आत अॅसिटोन कोंडलेलं असतं, भार पडला की सांधा वाकतो. असा नाकावरचा सांधा आठ महिने टिकलाय, माळावरच्या दगडांना धडकूनसुद्धा. सुपरग्लूनं सांधलेला मागचा कोपरा मात्र दुसऱ्याच महिन्यात सुटला. सुपरग्लू कडक होतो, लवत नाही.

नायलॉनचे भाग ठिसूळ वाटले तर ते कोरडे पडलेले असतात. नायलॉन पाणी शोषतं आणि त्यानंच चिवट होतं. पातेल्यात उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात ते भाग टाका आणि तसेच रात्रभर राहू द्या. एबीएसला हा उपाय करू नका, वाकडं होईल.

बॉडी पॉलिकार्बोनेटची. जुनी मूळ बॉडी कपाटात ठेवा, पळवायला नवी घ्या. रंग आतून मारायचा, तोही पॉलिकार्बोनेटचाच (तामियाचा काळा पीएस-५). हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे पहिल्याच धडकेत पापुद्र्यासारखा सुटतो. साफ करायला थिनर किंवा अॅसिटोन चुकूनही नको. फाटलेल्या जागी आतून फायबरच्या जाळीची टेप आणि न्यूट्रल सिलिकॉन लावा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको.

आता वीज. मूळचा स्पीड कंट्रोलर यांत्रिक: सर्व्हो (रिमोटच्या इशाऱ्यावर हलणारी छोटी मोटर) एक पट्टी सरकवतो, कमी वेगाची जास्तीची वीज रेझिस्टरमध्ये गरम होऊन वाया जाते. दिसायला झकास, पण रिसीव्हरची (रिमोटचा इशारा पकडणाऱ्या भागाची) बॅटरी मेली की सर्व्हो असेल तिथंच अडकतो. पूर्ण वेगावर अडकला तर गाडी सरळ फडात. म्हणून तो काढून जपून ठेवा आणि ब्रश मोटरचा ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर, लावा. इथं हॉबीविंगचा १०६० आहे. त्यावरचा जंपर (बॅटरीचा प्रकार निवडायची छोटी टोपी) बॅटरीप्रमाणे लावणं विसरू नका. लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) जोडून जंपर निकेल बॅटरीच्या जागी राहिला तर कटऑफ, म्हणजे बॅटरी उतरली की मोटर थांबवणं, वेळेवर येत नाही, आणि सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की लिपो कायमची बिघडते. आमचं मत विचाराल तर या गाडीला ३००० एमएएचची निकेल-मेटल हायड्राइडच बरी. साध्या ५४० मापाच्या मोटरवर वीसेक मिनिटं मिळतात, तेवढ्यात मोटरही तापून विश्रांती मागते. जुना २७ मेगाहर्ट्झचा रिमोट बाजूला ठेवून २.४ गिगाहर्ट्झचा घेतला, अँटेनाची नळी शोभेला तशीच आहे. जुना सर्व्हो नव्या रिसीव्हरला जोडताना तारांचा क्रम तपासा. काही जुन्या सर्व्होंत तो वेगळा असतो, आणि चुकला तर सर्व्हो जळतो.

चालवायला कशी? उड्या मारते. मागं गिअरबॉक्स, मोटर आणि अॅक्सल एकत्र वरखाली होतात, म्हणजे सगळं वजन स्प्रिंगच्या खालच्या बाजूला. पुढं तर नुसत्या स्प्रिंगा, डँपर नाहीच. मागच्या डँपरमध्ये ४०० सीएसटीचं (सीएसटी हे तेलाच्या दाटपणाचं माप) सिलिकॉन तेल घातल्यावर मागची उडी आटोक्यात आली, पुढची तशीच आहे. हा तिचा स्वभाव आहे, तो घालवायला निघालात तर हॉर्नेट उरत नाही.

मातीबद्दल. मुरमावर काही त्रास नाही. काळी माती वाळलेली असताना पिठासारखी आत शिरते आणि ओली झाली की चाकाला लाडूसारखी वळते. मग मोटर ओढ घेत तापत राहते. पहिल्या पावसानंतर त्या मातीत गाडी नेऊच नये. बेअरिंग घेताना जुनं बुश (बेअरिंगच्या जागी असलेली साधी कडी) मोजून माप घ्या (तामियात ५×११×४ मिमी, म्हणजे ११५०, बऱ्याच ठिकाणी लागतं) आणि चाकांत रबरी सीलचीच बसवा. पत्र्याच्या झाकणाची दोन बेअरिंग मार्चमध्येच कुरकुरायला लागली. रिसीव्हर फुग्यात घालून तोंडाला गाठ मारली तर धूळ लागत नाही.

खरा चोर निघाला पाचट. उसाचं वाळलेलं पान मागच्या अॅक्सलला गुंडाळलं जातं आणि चाक व गिअरबॉक्स यांच्यामध्ये दोरीसारखं आवळत जातं. बाहेरून दिसत नाही, फक्त गाडी एका बाजूला ओढते. दर बॅटरीनंतर मागची चाकं काढून चिमट्यानं साफ करा, पाच मिनिटांचं काम आहे.

मागचे काटेरी टायर डांबरावर झरझर झिजतात. गिअरबॉक्समधलं जुनं ग्रीस डिंकासारखं झालं होतं. भांड्याच्या साबणानं आणि टूथब्रशनं ते निघालं. रॉकेल वापरलं नाही, त्यानं एबीएसला बारीक तडे जाऊ शकतात.

पावसाळ्यात बॅटरी काढून, सांगाडा लाकडी ठोकळ्यावर ठेवून चाकं अधांतरी राहतील असं बघा. टायरवर उभी ठेवलेली गाडी भाद्रपदात काढली की टायर खालून चपटे झालेले असतात आणि पहिली बॅटरी संपेपर्यंत ती लंगडत चालते.