इमारतीच्या देखभालीची माहिती: कोबी की आयएफसी?

बांधकाम संपलं की ठेकेदार फायलींचे गठ्ठे देऊन मोकळा होतो. पंपाची वॉरंटी कधी संपते, हे मग कपाटात शोधत बसायचं. हा घोळ निस्तरायला कोबी (COBie) आला, म्हणजे इमारतीतल्या उपकरणांची माहिती ठरावीक तक्त्यांत भरून देण्याचा नमुना. अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागात तयार झालेला हा नमुना 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनने तो सरकारी प्रकल्पांत रुजवला.

कोबी एक्सेलमध्ये उघडतो, हेच त्याचं मोठं बळ. ‘टाइप’ पानावर पंपाचं मॉडेल, उत्पादक आणि वॉरंटीचा काळ. ‘कम्पोनंट’ पानावर प्रत्यक्ष पंप, त्याची खोली, अनुक्रमांक, बसवल्याची तारीख. दोन्ही पानं जोडणारा दुवा म्हणजे निव्वळ नाव. एकीकडे ‘पंप-1’ आणि दुसरीकडे ‘पंप 1’ टंकलं, की दुवा तुटलाच. हाताने भरलेल्या तक्त्यांत हे सर्रास होतं.

आयएफसी (IFC) हा इमारतीचं संगणकीय मॉडेल साठवण्याचा आंतरराष्ट्रीय प्रमाण नमुना (आयएसओ 16739). त्यात अख्खी इमारत असते: भिंती, आकार, शिवाय कोणता पाइप कशाला जोडलाय. गळती झाली तर कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा, हे त्यातून काढता येतं. अर्थात मॉडेल करणाऱ्याने जोडण्या खरोखर दाखवल्या असतील तरच! शिवाय फाइल जड, आणि वाचायला खास सॉफ्टवेअर लागतं.

खरं तर कोबी हा आयएफसीचाच एक तुकडा. मॉडेल नीट भरलं असेल तर त्यातूनच तक्ते काढता येतात. देखभालीच्या माणसाच्या हाती मी कोबीच देईन. रुग्णालयासारख्या गुंतागुंतीच्या इमारतीत मात्र आयएफसीही मागून घ्यावं, आणि तेही निविदेतच लिहून.