बँडसॉवर गोल कापायची जिग: आठ महिने आणि साठेक पोळपाटांनंतर

बँडसॉ म्हणजे चाकांवर अखंड फिरणाऱ्या पट्टीच्या पात्याची करवत, आणि जिग म्हणजे तिच्यावर लाकूड नेमकं धरून फिरवायला केलेलं साधन. मार्चच्या शेवटी ही जिग बनवली, आता नोव्हेंबर चालू आहे. मधल्या काळात तिच्यावर साठेक पोळपाट, पाच-सहा स्टुलांच्या बैठका, चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकत्या किती ते मोजलंच नाही, आणि एक टीपॉयचा टॉप एवढं कापून झालंय. पहिलं व्हर्जन चुलीत गेलं, दुसरं अर्धं गेलं, सध्या चालू आहे ते तिसरं. म्हणून नवीन बनवल्या बनवल्या काही लिहिलं नव्हतं, तेव्हा लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं.

आमचं गाव कुडाळजवळ, जुन्या गोठ्यात माझं वर्कशॉप आहे आणि त्यात १४ इंची बँडसॉ. नोकरी सांभाळून करतो, धंदा म्हणण्याएवढं मोठं काही नाही. जिग करायच्या आधी कर्कटकाने गोल आखायचो, हाताने रेघेच्या बाहेरून कापायचो आणि मग सँडर (घासायचं मशीन) घेऊन अर्धा-अर्धा तास एका पोळपाटाच्या कडेला घासत बसायचो. एवढं करून पण टेबलावर उभा धरून फिरवला की कुठेतरी टकटक वाजायचाच. गिऱ्हाईकाला कळत नाही हो, पण आपल्याला कळतं ना.

जिग म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. बँडसॉच्या टेबलावर बसणारा एक प्लायचा तुकडा, त्याच्या खाली टेबलाच्या खाचेत सरकणारी पट्टी, आणि वर पात्याच्या उजव्या बाजूला एक पिन. फळीच्या खालच्या बाजूला बरोबर मध्यावर भोक पाडायचं, ते पिनवर बसवायचं, मशीन चालू करून जिग फळीसकट आत ढकलायची, ती स्टॉपरला (जिगला पुढे जाताना अडवणाऱ्या अडसराला) टेकली की तिथेच थांबवायची आणि मग फळी घड्याळाच्या काट्यासारखी हळूहळू फिरवायची. पिन पात्यापासून जेवढी लांब तेवढी त्रिज्या. झालं. ऐकायला एवढंच आहे आणि खरंच एवढंच आहे, फक्त ती पिन नेमकी कुठे उभी राहते यावर सगळा खेळ आहे, आणि ते मला कळायला तीन आठवडे आणि फणसाच्या चार चांगल्या फळ्या लागल्या.

झालं काय, पहिल्या जिगमध्ये मी पिन अंदाजाने पात्याच्या समोर ठेवली होती. पात्याच्या समोर म्हणजे पात्याच्या रुंदीच्या मध्यावर, मला वाटलं तेच बरोबर. कापायला लागलो की पहिली पावफेरी छान जायची, मग फळी जड व्हायला लागायची, पातं कुरकुर करायचं, जळका वास यायचा, आणि पूर्ण फेरी मारून आलं की जिथून सुरुवात केली तिथे शेवट मिळायचाच नाही, दोन-तीन मिमीचा फरक. गोल नाही, शंख. मी ब्लेडला शिव्या घातल्या, गाईडचं (पात्याला जागेवर धरणाऱ्या भागाचं) बेअरिंग बदललं, पात्याचा ताण वाढवून बघितला, काही फरक नाही.

शेवटी आमच्या वाडीतल्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी आयुष्यात बँडसॉ स्वतः वापरला नाही, सगळं काम हाताने. आले, बघितलं, मशीनचा प्लग काढायला लावला. मग गुण्या (काटकोन तपासायचं साधन) घेतला, त्याची एक बाजू पात्याच्या अंगाला चिकटवली आणि सरकवत सरकवत कोपरा बरोबर दातांच्या टोकापर्यंत आणला. गुण्याची दुसरी बाजू आपोआप पिनकडे गेली. पिन त्या रेषेच्या चांगली चार मिमी पलीकडे. काका म्हणाले, "अरे, तुझो खिळो मागे रवलो हा." म्हणजे पिन मागे राहिलीय. बस, चहा घेतला आणि गेले.

कापतात ते दात, पात्याची पाठ नाही, त्यामुळे पिन दातांच्या टोकाशी काटकोनात पाहिजे. ती पुढे किंवा मागे गेली की लाकूड एका दिशेने फिरायला बघतं आणि पातं त्याला दुसरीकडे नेतं, मग पाठ कडेला घासते, जळते आणि गोल बिघडतो. आता स्टॉपर मी बोल्टचा केलाय, फिरवला की अर्धा-एक मिमी पुढेमागे होतो, कारण ब्लेड बदललं की रुंदी बदलते आणि दातांची जागा पण थोडी हलते. प्रत्येक ब्लेड बदलल्यावर गुण्या लावून बघणे, दोन मिनिटांचं काम आहे, कंटाळा करू नका.

आता काय टिकलं काय नाही ते सांगतो, कारण खरं त्यासाठीच लिहायला बसलो.

खाचेतली पट्टी आधी सागाची केली होती, रंधा मारून अशी बसवली की लोण्यासारखी सरकायची. जुलै आला. कोकणातला जुलै म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, गोठ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते. एक दिवस जिग अर्ध्या खाचेत जी अडकली ती पुढे पण नाही आणि मागे पण नाही, शेवटी मोगरीने ठोकून काढली. पट्टी परत तासली असती तर उन्हाळ्यात ढिली झाली असती, म्हणून ॲल्युमिनियमची चपटी पट्टी घेतली, खाचेच्या मापाला कानशीने थोडी घासली आणि स्क्रूने लावली. त्यानंतर एकदा पण त्रास नाही. खालून मेणबत्ती घासायची मधूनमधून.

प्लाय पहिला १२ मिमीचा, घरात पडलेला, स्वस्तातला. तो पावसात पुढच्या बाजूने पापडासारखा उचलला गेला. मग १८ मिमीचा मरीन (ओल सहन करणारा) प्लाय घेतला आणि दोन्ही बाजूंना सनमायका चिकटवला. दोन्ही बाजूंना म्हणतोय, एकाच बाजूला लावला तर परत वाकतो, हे पण अनुभवाचे बोल. जाड प्लायमुळे कापायची उंची १८ मिमीने कमी होते पण पोळपाटाला एक-दीड इंच जाडी असते, तिथे काय फरक पडणार.

पिन आधी डोकं कापलेला खिळा होता. वीसेक पोळपाटांनंतर तो हलायला लागला आणि भोक ऐसपैस झालं. आता ६ मिमीच्या जुन्या ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत तुकडा अराल्डाइटने बसवलाय आणि फळीत पण ६ मिमीचंच भोक मारतो, घट्ट बसतं पण फिरतं. खोली फक्त ६-७ मिमी, वरपर्यंत जाऊ द्यायचं नाही. खालच्या बाजूला राहिलेल्या भोकात त्याच लाकडाचा बूच ठोकून पॉलिश पेपर मारला की शोधावं लागतं. पोळपाटाला खाली तीन पाय येतात त्यामुळे तसंही कोणी उलटं करून बघत नाही. (माझ्या आईने बघितलं.)

मापाची पट्टी म्हणून चिकटणारी स्केल लावली होती, भुशाने तिचा गोंद महिन्याभरात सुटला. आता नेहमीच्या मापांच्या रेघा सरळ प्लायवर कोरून ठेवल्यात, १० इंची, ११ इंची, स्टुलाची १३ इंची. एक गोष्ट ध्यानात ठेवा, त्रिज्या मोजायची ती पिनच्या मध्यापासून उजवीकडे वळलेल्या दातापर्यंत, पात्याच्या अंगापर्यंत नाही. दात दोन्ही बाजूंना वळवलेले असतात, त्यात थोडासा फरक पडतो आणि गोलात तो दुप्पट होतो. १० इंची पोळपाट म्हणजे त्रिज्या १२७ मिमी. मी १२८ ला ठेवतो, घासण्यात जातं तेवढं.

ब्लेडचं म्हणाल तर माझा आधीचा समज होता की गोल कापायला जितकं बारीक तितकं बरं. दोन सुती, म्हणजे पाव इंची (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), लावून बघितलं तर फणसाच्या जाड फळीत ते दोऱ्यासारखं पोटात वाकायचं, वरून गोल बरोबर आणि खालून वेगळाच. अर्धा इंची ब्लेड साधारण अडीच इंच त्रिज्येपर्यंत वळतं, म्हणजे पोळपाटाला चालतंच, पण मला ४ इंची चकत्या पण लागतात म्हणून आता कायम तीन सुती. ब्लेडची पट्टी दुकानातून टोकं जोडून, गोल करून आणतो. एका दुकानातून आणलेल्याचा जोड नीट घासलेला नव्हता, दर फेरीला टक टक आवाज आणि कडेवर बारीक रेघा. तिकडे परत गेलो नाही.

आणि टेबल पात्याशी काटकोनात आहे की नाही ते बघा आधी. एकदा विसरलो, पोळपाट उतरत्या कडेचा झाला, बायको म्हणाली परात केलीस का.

कापताना तंतूंकडे लक्ष ठेवावं लागतं. एका फेरीत दोन ठिकाणी पातं तंतूंना आडवं जातं, तिथे हात आपोआप जोर लावतो आणि तिथेच काळं पडतं. तिथे हळू. सागाला फारसा त्रास नाही, फणस मध्येच चिवट लागतो आणि भुसा हळदीसारखा पिवळा, नाकातून दोन दिवस जात नाही, मास्क लावाच. वरचं गाईड लाकडाच्या जेमतेम वर आणून ठेवायचं, हात फळीच्या दोन कडांना, पात्याच्या रेषेत कधीच नाही, आणि गोल पूर्ण झाला की आधी मशीन बंद, पातं थांबलं की मगच फळी उचलायची. सुटलेले कोपरे टेबलावर नाचतात, ते काढायला चालू मशीनवर हात घालायचा मोह होतो, मला पण झालाय.

खर्च सगळा मिळून नऊशेच्या आत, त्यातला जास्त प्लायचा. दोन-तीन पोळपाटच करायचे असतील तर माझं प्रामाणिक मत, जिगच्या नादी लागू नका, कर्कटक आणि सँडर पुरे. दहाच्या वर गेलात तर करा. माझं कडेचं घासणं अर्ध्या तासावरून सात-आठ मिनिटांवर आलंय.

एकच रडगाणं राहिलंय, मोठे गोल. टीपॉयचा २४ इंची टॉप कापताना फळी टेबलाबाहेर एवढी लटकली की पिनवरून उचलली जात होती, भावाला दुसऱ्या टोकाला धरायला उभं केलं आणि तो माझ्यापेक्षा जोरात फिरवायला लागला. कड दोन ठिकाणी करपली. आता डिसेंबरमध्ये ३० इंची टेबलाची ऑर्डर आहे, त्याच्यासाठी स्टुलावर पीव्हीसी पाईपचा रोलर बसवून बघतोय, उंची अजून जमत नाहीये, जिगच्या वरच्या बाजूपेक्षा दोन मिमी वर राहतोय.