बंदुकीच्या दस्त्याला बेलतेल: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची आजोबांच्या वेळची डबल बॅरल, बारा बोअर बंदूक आहे. दस्ता अक्रोडाचा. त्यावरचं जुनं लॅकर काढून उन्हाळ्याआधी मी बेलतेलाचे, म्हणजे उकळलेल्या अळशीच्या तेलाचे, हात दिले. आता पावसाळा सरून थंडी पडलीय. देवगड तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्याने हे करावं का? माझं उत्तर स्पष्ट आहे: करावं, पण आगोटीच्या, म्हणजे पाऊस लागायच्या, आत.

आधी लाकडाबद्दल. आमच्या दस्त्यात मुठीपासून मागे आडव्या लाटा आहेत. लॅकरखाली त्या नुसते तपकिरी डाग वाटायच्या. अशा लाकडात तंतू सरळ न जाता वर-खाली वळलेले असतात. काही ठिकाणी त्यांची कूस दिसते, काही ठिकाणी तोंड. तोंडाकडून तेल जास्त मुरतं, तो भाग गडद होतो. वरच्या थरातल्या हवेची जागा तेलाने घेतली की उजेड वरच्यावर विखुरत नाही, आत जाऊन परततो. म्हणून पडवीत दस्ता हातात फिरवला की काळ्या लाटा उजळतात आणि उजळलेल्या काळवंडतात. मी तासन्‌तास हे बघत बसू शकतो.

तयारीत घाई नको. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून दस्ता सुटा केला. जुनं लॅकर रिमूव्हरने काढलं; मुठीवरच्या जाळीकामावर फक्त मऊ ब्रश. चेपलेल्या जागी ओला पंचा ठेवून वर गरम इस्त्री टेकवली की वाफेने तंतू फुगून खड्डा बराचसा भरून येतो. मग १८०, २४० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर, नेहमी रेषेच्या दिशेने. मध्ये दोनदा ओलं फडकं फिरवून उभे राहिलेले बारीक तंतू वाळल्यावर कापले. ही पायरी गाळली तर पहिल्याच दमट दिवशी दस्ता हाताला खरखरीत लागतो.

तेल घेताना डब्यावर डबल बॉइल्ड लिहिलेलं बघा. कच्चं अळशीचं तेल आपल्या हवेत दिवसचे दिवस चिकट राहतं आणि त्यावर बुरशी धरते. पहिले हात ४०० नंबरच्या पेपरने तेलातच घासत दिले. त्यातून निघालेला लगदा अक्रोडाची छिद्रं भरतो. पुढचे हात बोटाने, अगदी पातळ. पंधरा मिनिटांनी सगळं पुसून काढायचं आणि नखाला चिकटपणा लागेनासा झाल्यावरच पुढचा हात. बेलतेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, म्हणून माघ-फाल्गुनातली कोरडी हवा सोन्यासारखी. निवडणुकीची आचारसंहिता लागून बंदूक जमा करायची वेळ येणार असेल, तर काम पुढे ढकला; अर्धवट वाळलेला दस्ता कुठे बांधून ठेवण्यासारखा नसतो.

एक गोष्ट जीव तोडून सांगतो. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा.

आता पावसाळ्याचं. दस्ता फुगला नाही, जोडाशी फट पडली नाही, बुरशीही धरली नाही. कातडी पट्ट्यावर मात्र पांढरी बुरशी आली, म्हणून तो आता वेगळा ठेवतो आणि बंदूक कपड्याच्या पिशवीत ठेवत नाही. काजूच्या बागेत वांदरांमागे फिरताना सरीत भिजली, तेव्हा थेंबांचे फिकट डाग उमटले. पुसून, वाळवून, तळव्यावरच्या दोन थेंब तेलाने चोळल्यावर ते गेले. लॅकरवर हे जमत नाही. तिथे चीर पडली की ओल खाली शिरते, पांढरा पट्टा येतो आणि सगळं पुन्हा खरवडावं लागतं.

उणी बाजूही आहे. बेलतेल पाणी अडवत नाही, फक्त सावकाश शिरू देतं. गाल टेकतो ती जागा आणि मागची कड मंद झालीय. तिथे वर्षातून एकदा हात द्यावाच लागेल. रंगही हळूहळू पिवळसर, गडद होत जातो. मला तो आवडतो, पण फिकट लाकूड फिकटच हवं असेल त्याने दुसरं काही निवडावं.

नळीला आणि घोड्याला लावायचं तेल वेगळं. ते ओघळून दस्त्याच्या तोंडाशी मुरलं की लाकूड काळं आणि मऊ पडतं, आणि जुन्या बंदुका नेमक्या तिथेच तडकतात. म्हणून दस्त्याच्या आतल्या उघड्या लाकडालाही बेलतेल पाजलं, आणि साफसफाईनंतर बंदूक नळीचं तोंड खाली करून ठेवतो.