हाइव्ह: नव्या खात्याचा पहिला आठवडा

हाइव्ह म्हणजे ब्लॉकचेनवर (अनेक सर्व्हरवर जपलेल्या, पुसता न येणाऱ्या नोंदींच्या साखळीवर) चालणारं लिहायचं समाजमाध्यम; पोस्टला मिळालेल्या व्होटांप्रमाणे तिथे नाण्यांत मोबदला मिळतो. ट्रॉन या क्रिप्टो प्रकल्पाचे संस्थापक जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतल्यावर तिच्या स्टीम या अशाच ब्लॉकचेनवरचे बरेच जुने सदस्य आणि विटनेस (साखळीचे सर्व्हर चालवणारे) वेगळे झाले आणि 20 मार्च 2020 ला हाइव्ह सुरू झालं. तांत्रिक बाजू भक्कम आहे: दर 3 सेकंदांना ब्लॉक (नोंदींचा नवा गठ्ठा), पोस्ट-कमेंट-व्होटला पैसे मोजावे लागत नाहीत, आणि एकच खातं पीकडी, इसेन्सी, हाइव्ह ब्लॉग अशा वेगवेगळ्या साइटींवर चालतं. नवा माणूस धरून ठेवण्यात मात्र हाइव्ह कच्चं आहे, आणि त्याची कारणं बरीचशी रचनेतच आहेत.

खातं उघडायचं साखळीवरचं शुल्क 3 हाइव्ह (साखळीच्या नाण्याचं नावही हाइव्हच). ते भरायची गरज सहसा पडत नाही, कारण ज्यांच्याकडे भरपूर रिसोर्स क्रेडिट (साखळीवर काही करायचा कोटा; सगळे आरसी म्हणतात) साठलेले असतात ते फुकट खात्यांची टोकन (कूपनं) घेऊन ठेवतात आणि नव्यांना वाटतात. नाव 3 ते 16 अक्षरांचं, स्मॉल इंग्रजी लिपीतलं, आणि कायमचं. ‘नंतर बदलू’ म्हणून काहीतरी गंमतीशीर नाव घेतलं तर ते जन्मभर मिरवावं लागेल.

मग येतात चाव्या. पी-पाच ने सुरू होणारा मास्टर पासवर्ड आणि त्यातून निघालेल्या चार की: पोस्टिंग, अ‍ॅक्टिव्ह, ओनर, मेमो. पोस्टिंग की म्हणजे फाटकाची किल्ली, अ‍ॅक्टिव्ह म्हणजे तिजोरीची, आणि ओनर की म्हणजे सातबारा. लिहिणं, व्होट देणं, फॉलो करणं एवढ्यासाठी पोस्टिंग पुरते. पैसे पाठवायला अ‍ॅक्टिव्ह लागते. रोजच्या वापराला हाइव्ह कीचेन हे ब्राउझर एक्स्टेंशन घ्यावं, त्यात पोस्टिंग आणि अ‍ॅक्टिव्ह टाकावी, मास्टर पासवर्ड आणि ओनर की कागदावर लिहून घराबाहेर जाणार नाही अशा जागी ठेवावी. ‘फरगॉट पासवर्ड’ इथे नाही. की चोरीला जाऊन कुणी ती बदलली, तर 30 दिवसांच्या आत जुनी ओनर की दाखवून रिकव्हरी खात्याच्या (सहसा खातं उघडून देणाऱ्याच्या) मदतीने खातं परत मिळतं. की हरवली असेल तर मात्र विषय संपला. साइन-अपच्या पानावर हे लिहिलेलं असतं, पण ते वाचतो कोण? चाव्यांची पीडीएफ डाउनलोड फोल्डरमध्ये पडून राहते आणि फोन बदलला की खातं गेलं.

यातून पार पडलेला माणूस परिचयाची पोस्ट टाकतो. ‘इंट्रोड्यूसयुवरसेल्फ’ हा टॅग लावायची प्रथा आहे आणि ती पाळावी. क्युरेटर मंडळी (चांगल्या पोस्ट शोधून व्होट देणारे) तिकडे लक्ष ठेवून असतात. पुढच्या दोन-चार कमेंटी लिहिल्या की एरर येतो: आरसी अपुरे. आरसी हाइव्ह पॉवरच्या (खात्यात अडकवून ठेवलेल्या हाइव्ह नाण्यांच्या) प्रमाणात मिळतात आणि पाच दिवसांत पूर्ण भरतात, पण नव्या खात्याची टाकीच लहान. नवखा माणूस सगळ्यात बोलका असतो तो पहिल्या दोन दिवसांत, आणि नेमकी तेव्हाच त्याची तोंडबंदी होते. यावर उपाय आहे. ऑक्टोबर 2022 च्या हार्डफोर्क 26 (साखळीच्या नियमांतला बदल) पासून हाइव्ह पॉवर हातात ठेवून नुसते आरसी दुसऱ्याला देता येतात. कुणाला हाइव्हवर आणत असाल तर त्याच्या पहिल्या पोस्टआधीच ते द्या. एरर आल्यावर देण्यात अर्थ नाही, तोवर तो इन्स्टाग्रामवर परतलेला असतो.

पैशांचा हिशेब जास्त दुखतो. पोस्टखाली 2 डॉलर दिसतात. मोबदला सात दिवसांनी ठरतो आणि त्यातला निम्मा व्होट देणाऱ्यांचा. उरलेल्या एका डॉलरपैकी साधारण निम्मा एचबीडी या डॉलरशी बांधलेल्या नाण्यात येतो, निम्मा हाइव्ह पॉवर म्हणून अडकतो. तो अडकलेला भाग काढायचा तर पॉवर डाउन करायचं, म्हणजे 13 आठवडी हप्ते: 50 सेंटचे आठवड्याला जेमतेम 4 सेंट. शिवाय मोबदला 2 सेंटच्या खाली राहिला तर काहीच मिळत नाही. या अटी कुठेही लपवलेल्या नाहीत, पण आकडा पोस्टखाली ठळक दिसतो आणि अटी मदतीच्या पानात. पहिला पेआउट झाला की फसवल्यासारखं वाटतं.

नव्यांनी एकमेकांना व्होट देऊनही फार काही साधत नाही. व्होटचं वजन हाइव्ह पॉवरवर ठरतं. ती नसलेल्या दहा जणांचे दहा व्होट मिळून 0.00. पूर्ण ताकदीचा एक व्होट 2 टक्के क्षमता खातो आणि दिवसात 20 टक्के भरून येते, त्यामुळे मोठे सदस्यही दिवसाला दहा पूर्ण व्होट जपून वापरतात. त्यांची नजर कमेंटींमधून मिळते. कुणाच्या पोस्टखाली मुद्द्याचं लिहिलं तर तो तुमचं पान उघडून बघतो. ‘नाइस पोस्ट, फॉलो मी’ लिहिलं तर म्यूट करतो.

आणखी एक खड्डा नकलेचा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा लेख उचलून टाकला, किंवा नेटवरचा फोटो स्रोत न देता लावला, की हाइव्हवॉचर्ससारखी खाती पोस्ट डाउनव्होट करून मोबदला शून्यावर आणतात. स्वतःचाच जुना लेख पुन्हा टाकायचा असेल तर मूळ जागी आपल्या हाइव्ह खात्याची लिंक आधी द्यावी. पोस्ट नंतर दुरुस्त करता येते, पण मूळ मजकूर साखळीच्या इतिहासात राहतोच. घरचा पत्ता, मुलांच्या शाळेचं नाव असलं काही लिहू नये.

माणसं येतात कशामुळे? मोठी लाट 2021 मध्ये स्प्लिंटरलँड्स या पत्त्यांच्या खेळाने आणली. 10 डॉलरचं स्पेलबुक (खेळाचं प्रवेशशुल्क) घेतलं की खातं मिळायचं, पण अनेक खेळाडूंना ते हाइव्हचं आहे आणि त्यावर लिहिता येतं याचा पत्ताच नव्हता. अ‍ॅक्टिफिटचं गणित बरं आहे: दिवसाला किमान 5,000 पावलं चाला, त्याची छोटी पोस्ट टाका. रोजची सवय लागते आणि पोस्टमध्ये चार ओळी लिहायला निमित्त मिळतं. प्रस्ताव निधीतून (सदस्यांच्या मतांनी वाटल्या जाणाऱ्या हाइव्हच्या सामाईक पैशातून) रॅलीच्या गाडीवर हाइव्हचं नाव झळकवलं गेलं, त्यावर सदस्यांतच बरीच वादावादी झाली. तो पैसा साइन-अपच्या पानावर आणि आरसी वाटण्यावर खर्च झाला असता तर बरं, असं आमचं मत.

टिकणारी माणसं भाषेच्या गटात सापडतात. स्पॅनिश बोलणाऱ्यांचे, विशेषतः व्हेनेझुएलातले गट, आणि बांगलादेशी मंडळींचं बीडीकम्युनिटी बघा: मॉडरेटर आहेत, स्पर्धा आहेत, नव्याच्या पहिल्या पोस्टखाली कुणीतरी आपल्या बोलीत उत्तर देतं. मराठीत असा गट उभा करायचा तर आधी पाच-सहा लिहिणारे हवेत, त्यातल्या एकाकडे वाटायला पुरेसे आरसी हवेत, आणि महिनाभर प्रत्येक नव्या पोस्टला उत्तर द्यायची तयारी हवी. मोबदल्याचं आमिष दाखवून गर्दी जमवू नये, ती पहिल्या पेआउटलाच पांगते.

भारतातून पैसे काढणाऱ्यांसाठी: अशा नाण्यांच्या विक्रीवरच्या नफ्याला सरसकट 30 टक्के कर आणि वर सेस, 1 जुलै 2022 पासून 1 टक्का टीडीएस, आणि तोटा कुठेही वजा होत नाही. प्रत्येक पेआउटची तारीख आणि त्या दिवशीचा भाव वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवत चला, मार्चमध्ये शोधत बसणं जिकिरीचं होतं. एचबीडी आधी आतल्या बाजारात हाइव्हमध्ये बदलून मग एक्सचेंजला पाठवतात. पाठवताना एक्सचेंजने दिलेला मेमो (रकमेसोबत जाणारी टीप) भरायचाच, कारण सगळ्या ग्राहकांचं जमा खातं एकच असतं आणि रक्कम कुणाची ते मेमोवरूनच कळतं. आणि त्या चौकटीत चुकून स्वतःची की पेस्ट करू नका: मेमो जगजाहीर असतो. तशी चूक झालीच तर त्याच क्षणी ओनर की किंवा मास्टर पासवर्ड वापरून सगळ्या की बदला.