जुन्या पंपाची जागा : नुसती कागदपत्रं पाहायची का माती पण तपासायची?

आमच्या तालुक्याच्या रोडवर बंद पडलेला पेट्रोल पंप हाय, तिथं आता दुकानांचं कॉम्प्लेक्स काढायचं चाललंय.

बांधायच्या आधी तिथल्या जमिनीत तेल-बिल मुरलंय का हे दोन टप्प्यांत तपासतात. पहिला टप्पा म्हणजे जुने सातबारे, नकाशे, परवाने पाहायचे, जागेवर फिरायचं, आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं. स्वस्तात होते, लवकर होते, पण यात मातीला हात लावत नाहीत, म्हणजे शंका कळते, खात्री नाही.

दुसऱ्यात बोअर मारून माती अन् पाणी लॅबला जाते, डिझेल, बेंझिन (पेट्रोलमधलं विषारी रसायन), शिसं किती ते आकड्यात कळते. खर्च जास्त, वेळही लागते. पण भाऊ आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर फाटते, टाकी गळली असन तर तेल त्या भेगांतून खाली बेसाल्टच्या (काळ्या खडकाच्या) फटीत अन् तिथून शेजारच्या विहिरीत जाऊ शकते, अन् 2000 पर्यंत तर शिसं टाकलेलं पेट्रोलच विकत होते. प्यायच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागं 0.01 मिलिग्रॅम हाय फक्त!

साधं कापडाचं दुकान असतं तर पहिल्यावर भागलं असतं. इथं टाक्या जमिनीतच हायेत, तर माझ्या मते दुसरा टप्पा पाहिजेच, अन् विहिरीचं पाणी सगळ्यात आधी तपासा.