जुन्या संगणकात एसएसडी बसवावी की नवा लॅपटॉप घ्यावा?
घरातला आठ-दहा वर्षांचा संगणक सुरू व्हायला पाच मिनिटे लागत असतील, तर दोष बहुधा मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कचा असतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, आणून बसवल्यावर आमचे जुने यंत्र चहा उकळायच्या आत कामाला लागू लागले. नव्या लॅपटॉपमध्ये हा वेग आयताच मिळतो आणि वीज गेली तरी काम अडत नाही. मात्र अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) मदरबोर्डलाच, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डालाच, सोल्डर केलेली असते, त्यामुळे ती पुढे वाढवता येत नाही, ही गोष्ट मला फार खटकते. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली असून विंडोज ११ ला संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते, म्हणून बँकेचे व्यवहार करणाऱ्यांनी आधी तेवढे तपासावे.