पिकअपचा लाँग टर्म अनुभव: बॉनेट नंतर उघडा, आधी खाली वाकून बघा

गाडी घेऊन चौथं वर्ष चालू आहे, रनिंग लाखाच्या पुढे गेलंय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. डबल कॅब, डिझेल, मॅन्युअल गिअर, पार्ट टाइम फोर बाय फोर. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण नाव टाकलं की माझी भारी का तुझी भारी यातच सगळं संपतं. आणि खरं सांगू का, या साईजचे बहुतेक पिकअप खालून बघितले तर एकाच घरातले वाटतात, शिडीसारखी चेसिस, पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, मागे सरळ एक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग). त्यामुळे खाली जे लिहितोय ते कुठल्याही कंपनीच्या पिकअपला थोड्याफार फरकाने लागू पडेल.

इंजिनापासून सुरू करतो कारण सगळे तेच आधी विचारतात, आणि त्याच्याबद्दल मला सांगायला सगळ्यात कमी आहे. वेळेवर ऑइल, फिल्टर, बाकी काही नाही. स्टार्ट होते, ओढते, धूर नाही. भरवशाच्या पिकअपचं जे नाव झालंय ते इंजिनावरच झालंय. टोयोटा हायलक्सचं उदाहरण सगळ्यांना माहितीये, १९६८ पासून बनतेय, आणि २००३ मध्ये ब्रिटिश टीव्हीवाल्यांनी एक जुनी हायलक्स समुद्राच्या भरतीत बुडवली, पाडायच्या बिल्डिंगच्या गच्चीवर ठेवून बिल्डिंगसकट खाली पाडली, तरी साध्या हत्यारांनी खटपट करून ती चालू केली. बघायला मजा येते, पण तो शेवटी थोड्या दिवसांचा तमाशा होता. रोज लोड घेऊन, खड्ड्यातून आणि चिखलातून वर्षानुवर्षं चालवल्यावर काय झिजतं ते त्यातून कळत नाही. आणि जे झिजतं ते सगळं खाली आहे, जिथे मालक कधी वाकून बघत नाही.

माझं मत विचाराल तर पिकअपच्या बाबतीत "भरवशाची" हे सर्टिफिकेटच घात करतं. गाडी तक्रार करत नाही म्हणून मालक निवांत राहतो, आणि ही गाडी बऱ्याच दुर्लक्षानंतरही चालत राहते, मग एकदम तीन-चार कामं एकत्र निघतात आणि लोक म्हणतात पहिल्यासारखी क्वालिटी राहिली नाही.

आता खालचं एकेक.

सगळ्यात आधी प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्समधून मागच्या एक्सलला ताकद नेणाऱ्या लांब दांडीचे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट). लांब व्हीलबेस असल्याने बऱ्याच पिकअपमध्ये शाफ्ट दोन तुकड्यात असतो, मधे सेंटर बेअरिंग, आणि प्रत्येक सांध्यावर एक क्रॉस. हल्ली काही गाड्यांना सील केलेले क्रॉस येतात, त्यांना ग्रीस मारायची सोयच नसते, खराब झाला की बदला. माझ्या गाडीला निप्पल (ग्रीस भरायची छोटी तोंडं) आहेत. आता गंमत अशी की सर्व्हिसच्या कागदावर "ग्रीसिंग" पुढे टिक होती, गाडी धुऊन पुसून दिली होती, मी घरी येऊन टॉर्च घेऊन खाली गेलो तर निप्पलच्या टोकावर वाळलेला चिखल जसाच्या तसा, म्हणजे ग्रीस गन त्याला लागलीच नव्हती. वर्कशॉपचं नाव घेत नाही, त्यांनी नंतर निमूट करून दिलं. पण तेव्हापासून ग्रीस माझ्यासमोरच मारून घेतो नाहीतर स्वतः मारतो. क्रॉसला चार टोपणं असतात, निप्पलमधून ग्रीस आत गेलं की जुनं काळं ग्रीस चारही टोपणांच्या कडेने बाहेर यायला पाहिजे आणि मागोमाग नवीन ग्रीस दिसायला पाहिजे. तीन ठिकाणाहून आलं आणि चौथं कोरडंच राहिलं तर त्या टोपणातल्या सुया सुक्याच फिरतायत असं समजा. मग शाफ्ट हाताने हलवून, फिरवून बघायचं, कधी कधी दाब बदलला की चौथीकडूनही येतं. नाहीच आलं तर तो क्रॉस बदलायच्या यादीत टाकायचा, तुटायची वाट बघायची नाही. आधी काय जाणवतं? गिअर टाकून क्लच सोडताना मागून एक बारीक "टक". नंतर एका ठराविक स्पीडला फ्लोअरमधून थरथर. माझ्याकडे टक आला तेव्हाच बदलला, किरकोळ काम होतं.

हां, शाफ्ट जिथे मागेपुढे सरकतो त्या स्लिप जॉइंटला मात्र हावरटासारखं ग्रीस भरू नका, तिथे जास्त झालं की सरकायला जागा राहत नाही.

दुसरं, मागचं हाउसिंग, म्हणजे मागच्या एक्सलचा मधला गोळा, ज्यात डिफरेन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगळ्या स्पीडने फिरू देणारे गिअर) असतं. डिफरेन्शियलचं ऑइल लोक विसरतात कारण ते दिसत नाही आणि आवाजही करत नाही. पण पाण्यातून गाडी काढत असाल तर इथे लक्ष द्या. लांबून चालून आलेलं हाउसिंग चांगलंच गरम असतं, ते एकदम गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि बाहेरून हवा ओढायला बघते. त्यासाठी वर एक छोटा ब्रीदर दिलेला असतो. तो चिखलाने बंद झाला असेल तर हवा मिळत नाही, मग सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. गाडी काही बोलत नाही, पुढे हजारो किलोमीटर चालते, आणि आत पिनियनचं (शाफ्टला जोडलेल्या गिअरचं) बेअरिंग गंजत बसतं. चेक करायला सोपं आहे, वरचा भरायचा प्लग उघडून बोटाला ऑइल लावून बघायचं, काळपट असेल तर ठीक, दुधी चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय, लगेच बदला. आणि प्लग उघडताना आधी भरायचा उघडा, मग खालचा, नाहीतर खालून सगळं सांडून बसाल आणि वरचा गंजून उघडलाच नाही तर गाडी जागेवर. हाउसिंगला जीएल-५ ग्रेडचं गिअर ऑइल लागतं, पण तेच उरलेलं ऑइल गिअरबॉक्समध्ये ढोसू नका, बऱ्याच मॅन्युअल गिअरबॉक्सना जीएल-४ सांगितलेलं असतं कारण जीएल-५ मधली काही ॲडिटिव्ह पितळेच्या सिंक्रो रिंगना (गिअर सहज पडायला मदत करतात त्या) चालत नाहीत. मॅन्युअल बघा, कॅनवरचं वाचा.

पाटे. रिकामी गाडी मागून उडते, हे खरं आहे आणि ते जाणार नाही, साधारण एक टन वाहायला बनवलेले पाटे आहेत ते. दोन-तीनशे किलो टाकले की तीच गाडी शहाण्यासारखी चालते. बरेच जण उडते म्हणून शॉकअप बदलत बसतात, आधी मागच्या टायरची हवा बघा, फुल लोडची हवा भरून रिकामी फिरवताय का ते. दरवाजाच्या स्टिकरवर दोन्ही आकडे असतात. पाटे एक्सलला धरणारे यू बोल्ट मात्र पाना लावून बघत जा, ते ढिले राहिले की सगळा ताण मधल्या सेंटर बोल्टवर येतो, तो तुटला की एक्सल एका बाजूला सरकतो आणि गाडी तिरकी चालायला लागते. मागून चालणाऱ्याला दिसतं, आत बसलेल्याला फक्त स्टिअरिंग वाकडं झाल्यासारखं वाटतं, आणि तो पुढचं अलाइनमेंट करत बसतो. पाटे खोलले तर यू बोल्ट नवीनच टाका, जुने परत आवळू नका, एकदा ताणलेला बोल्ट पहिल्यासारखा धरत नाही.

ज्यांना गाडी उंच करायची हौस आहे त्यांच्यासाठी एक. बऱ्याच पिकअपमध्ये एक्सल आणि चेसिसच्या मधे एक दांडी असते, लोडने मागचा भाग खाली बसला की ती दांडी व्हॉल्व्हला सांगते आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर जातं. तुम्ही उंच पाटे टाकले आणि दांडी सेट केली नाही तर लोड असतानाही व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि मागचे ब्रेक अर्धेच लागतात. लोक लाइट बार लावतात, फोटो काढतात, ही दांडी कोणी बघत नाही. मागे ड्रम असतील तर ते दर सर्व्हिसला उघडून आतली धूळ काढायला लावा, चिखलात फिरणाऱ्या गाडीचे ब्रेक लायनर आतल्या मातीनेच खाल्ले जातात.

लोडबद्दल पण बोलायलाच पाहिजे. ब्रोशरमधला एक टन हा हौद्याचा एक टन नाही. त्यात माणसं आली, वरून लावलेला पुढचा बंपर आला, कॅनॉपी आली, हौद्यातली टूल बॉक्स आली. पाच मोठी माणसं बसली की पावणेचारशे-चारशे किलो तिथेच गेले. ट्रेलर ओढत असाल तर ट्रेलरच्या वजनाच्या साधारण दहा टक्के हूकवर येतात, म्हणजे दोन टनाच्या ट्रेलरचे दोनशे किलो, आणि तेही एक्सलच्या मागे लटकलेले, त्यामुळे पुढची चाकं हलकी होतात. डबल कॅबचा हौदा आखूड असतो, बराचसा एक्सलच्या मागेच येतो, म्हणून जड वस्तू कॅबला टेकवून ठेवायची, फाळक्याकडे हलकं सामान. चेसिस वाकल्याचे फोटो फिरतात ना, त्यात बऱ्याचदा वजन किती होतं यापेक्षा कुठे होतं हा प्रश्न असतो.

फोर बाय फोर पार्ट टाइम आहे, म्हणजे मधे डिफरेन्शियल नाही, सुक्या डांबरी रस्त्यावर लावून वळण घेतलं तर चाकं अडतात आणि सगळी पीळ शाफ्टवर येते. पण कधीच लावलं नाही तरी वाईट. महिन्यातून एकदा मातीच्या सरळ रस्त्यावर थोडं चालवा, पुढचं ऑइल फिरतं, फोर व्हील जोडणारा ॲक्च्युएटर मोकळा राहतो. वर्षभर न वापरलेलं फोर व्हील नेमकं अडकल्यावरच लागत नाही.

आता ज्या गोष्टीचा मला खरा वैताग आला ती, डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. पिकअप फक्त जवळच्या जवळ फिरवणार असाल तर डिझेल घेण्याआधी दोनदा विचार करा. फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळायला आत साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापमान न्यावं लागतं, त्यासाठी गाडी जास्तीचं डिझेल टाकते, आणि तुम्ही मधेच बंद केली की काम अर्धवट. वारंवार असं झालं की न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची लेव्हल वाढते. डिपस्टिकवर ऑइल कमी झालं की सगळे घाबरतात, वाढलं की खूश होतात, उलटं आहे ते. जळण चालू असल्याची खूण म्हणजे आयडलिंग थोडं वर, फॅन जोरात, आणि गरम वास. अशा वेळी पंधरा-वीस मिनिटं हायवेला फिरवून या, आणि वाळलेल्या गवतावर तर अजिबात उभी करू नका, खालून आग लागू शकते. एरवी पळवली की काही त्रास नाही.

डिझेल फिल्टरखालचं पाणी काढायला पण दिवा लागायची वाट बघू नका. नवीन कॉमन रेल इंजिनात डिझेल दोन हजार बारच्या आसपास प्रेशरने जातं आणि पंपाला वंगण म्हणून तेच डिझेल असतं, पाणी गेलं की पंप आणि इंजेक्टर दोन्ही जातात. खालचा स्क्रू ढिला करून वरचा हातपंप दाबायचा, एका काचेच्या बाटलीत धरायचं, पाणी खाली बसलेलं स्वच्छ दिसतं. एअर फिल्टर हवा मारून साफ करू नका, कागदाला बारीक भोकं पडली की तुम्हाला दिसणार नाहीत, टर्बोला दिसतील.

टायर, बॅटरी, क्लच याबद्दल विशेष काही नाही. क्लच अजून पहिलीच आहे. टायर दर दहा हजाराला फिरवले, एकसारखे झिजले. ॲव्हरेज लोडवर आणि स्पीडवर आहे, ऐंशी-नव्वदला चालवा, सुखी राहाल, त्यावर गेलात की ही भिंत हवेत ढकलायला डिझेल लागतंच. मागची सीट लांबच्या प्रवासाला ताठ आहे, घरचे कुरकुर करतात, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

गंज. चेसिसचे बॉक्स सेक्शन आतून पोकळ असतात, चिखल आत जातो आणि पाणी निघायची भोकं बुजतात. बाहेरून गाडी चकाचक आणि आतून ओला चिखल वर्षभर. वॉशिंगला दिलीत तर वरून फेस मारण्यापेक्षा भोकातून पाण्याची नळी आत घालायला सांगा, खालून पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत. सुकल्यावर आत मेणाचा कोट मारून घेतला तर उत्तम. हौद्यात प्लास्टिक लायनर असेल तर तो वर्षातून एकदा उचलून बघा, त्याच्याखाली वाळू आणि पाणी अडकून रंग घासला जातो.

जुनी पिकअप घ्यायला निघालेल्यांनी हेच उलट्या क्रमाने करा, स्टार्ट करून ऐकण्याआधी खाली शिरा. ताजा काळा रंग मारलेली चेसिस दिसली तर हातोडीने हलकं ठोकून बघा, खणखणीत आवाज यायला पाहिजे. स्टेपनी खाली सोडून दाखवा म्हणा, हौद्याखाली साखळीवर लटकते ना, ती साखळी आणि तिची चरखी गंजून जाम झालेली असेल तर त्या मालकाने खाली कधीच बघितलं नाही असं समजायला हरकत नाही. आणि रस्त्यात पंक्चर झाल्यावर ते कळण्यात काही मजा नाही, म्हणून मी दर सर्व्हिसला ती खाली घेऊन साखळीला ग्रीस लावतो.

पुढच्या सर्व्हिसला मागचे शॉकअप बदलणार आहे, डाव्या बाजूचा गळायला लागलाय. कूलंट पण ड्यू आहे, तो मॅन्युअलमध्ये दिलेल्या टाइपचाच टाकणार, रंग बघून कुठलाही मिक्स करणार नाही. सेंटर बेअरिंगचा रबर थोडा चिरलाय, तो अजून सहा महिने काढेल असं मेकॅनिक म्हणतोय, पण शाफ्ट उतरवणारच असेल तर मी तो पण आत्ताच बदलून घेणार.